दारापुढील राखीव जागा आणि शेजारधर्म

शेजाऱ्याशी तंटा करावयास मनुष्याला फार मोठे कारण लागत नाही, हा सर्व काळांतील आणि सर्व देशांतील अनुभव आहे. सामाईक भिंत, वळचणीचे पाणी, सांडपाण्याची मोरी, दुसऱ्याच्या अंगणात झुकलेली आंब्याची फांदी, ही आपल्या वाडवडिलांच्या वेळची कारणे होती. मोटारगाडी घरोघरी आली आणि त्या यादीत दारापुढे गाडी उभी करण्याच्या जागेची भर पडली. या नव्या तंट्यांतही एक प्रकार निराळा काढून त्याचा विचार केला पाहिजे. अपंग शेजाऱ्यासाठी रस्त्यावर राखून ठेवलेल्या जागेवरून होणारा तो तंटा होय. इतर भांडणांत उभय पक्षांचे नुकसान बहुधा सारखेच असते. येथे तसे नाही. एकाला गाडी पन्नास पावले दूर लावावी लागते, एवढीच त्याची गैरसोय. दुसऱ्याला मात्र ती पन्नास पावले चालणेच शक्य नसते, आणि म्हणून त्याचे घराबाहेर पडणेच थांबते. दवाखाना, देवदर्शन, आप्तांकडील कार्य आणि स्वतःचा कामधंदा, हे सारे त्या एका जागेवर अवलंबून राहते.

हा विषय व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्याच पेठांत आहे. बेळगावची गणपत गल्ली घ्या, इंदूरचा सराफा घ्या, वडोदऱ्याची मांडवी किंवा हैदराबादचा बेगम बाजार घ्या. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना जुन्या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. रस्ता बैलगाडीच्या काळचा आणि वाहने मात्र आजची. दुकानापुढची जागा मालाच्या टेंपोला हवी असते, गिऱ्हाइकाच्या दुचाकीला हवी असते आणि वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या मोटारीलाही हवी असते. अशा गल्लीत ज्याचे पाय साथ देत नाहीत त्याने आपले वाहन कोठे उभे करावे, हा प्रश्न आपल्याकडे अजून बव्हंशी लोकांच्या मर्जीच्या स्वाधीन आहे. ज्या देशाने तो अर्धशतकापूर्वी कायद्याने हाती घेतला त्या ब्रिटनचा अनुभव म्हणूनच पाहण्याजोगा आहे. लेस्टरला स्थायिक झालेली गुजराती व्यापारी कुटुंबे आणि स्विंडनला जाऊन राहिलेले गोमंतकीय बांधव यांच्या दारापुढे आज हेच नियम लागू आहेत. तेव्हा हा अनुभव आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही.

रस्त्याचे गणित

इंग्लंडातील औद्योगिक शहरांत एकोणिसाव्या शतकात कामकरी वर्गासाठी बांधलेली घरे एकमेकांस लागून रांगेने उभी आहेत. पुष्कळ घरांना पुढे अंगण नाही, मोटारखाना नाही. दार उघडले की पदपथ आणि त्यापलीकडे रस्ता. अशा घराची दर्शनी रुंदी बहुधा साडेचार ते पाच मीटर असते आणि साधारण मोटारीची लांबी सुमारे साडेचार मीटर. म्हणजे हिशेबाने प्रत्येक घराच्या वाट्याला जेमतेम एक गाडी येते. एखाद्या घरात दुसरी गाडी आली की ती शेजाऱ्याच्या दारापुढे सरकणारच.

आता अपंगासाठी रस्त्याच्या कडेला जी चौकट आखतात तिची लांबी तेथे सर्वसाधारणतः ६.६ मीटर धरलेली आहे. ही लांबी कोणाचा मान राखण्यासाठी नव्हे. गाडीच्या मागून चाकांची खुर्ची काढावी लागते, काही गाड्यांना मागे उतरती फळी असते, आणि पुढच्या गाडीला न धडकता सरळ आत येता आले पाहिजे. या सर्वांसाठी ती लांबी लागते. परंतु ६.६ मीटरची चौकट पाच मीटरच्या घरापुढे आखली की तिचा दीड-दोन मीटरांचा भाग शेजारच्या दारापुढे जातो. भांडणाचे बीज बहुतेक वेळा या दीड-दोन मीटरांत पडते. ‘माझ्या दारापुढची जागा गेली’ ही तक्रार तेथूनच उगवते. वास्तविक सार्वजनिक रस्त्यावर कोणाच्याही दारापुढची जागा त्याच्या मालकीची नसते. त्या घरमालकाचीही नसते आणि त्याच्या अपंग शेजाऱ्याचीही नसते. रस्ता सर्वांचा, त्यातील काही भाग गरजेनुसार राखून ठेवला जातो, एवढेच.

बिल्ल्याची कथा

या व्यवस्थेचा पाया १९७० साली ब्रिटिश संसदेने संमत केलेल्या दीर्घकालीन रुग्ण व अपंग व्यक्तींच्या कायद्यात आहे. मँचेस्टरमधील वायदनशॉ मतदारसंघाचे मजूर पक्षाचे सभासद आल्फ मॉरिस यांनी तो खाजगी सभासदाचे विधेयक म्हणून मांडला. हेच मॉरिस पुढे १९७४ साली अपंगांच्या कल्याणाचे खाते सांभाळणारे त्या देशाचे पहिले मंत्री झाले. त्या कायद्याच्या २१ व्या कलमान्वये अपंग व्यक्तीच्या गाडीवर लावावयाचा बिल्ला निर्माण झाला. १९७१ च्या अखेरीस तो नारिंगी रंगात अमलात आला आणि २००० सालापासून त्याला निळा रंग देण्यात आला.

या बिल्ल्याचे मर्म वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. तो गाडीचा नसून व्यक्तीचा आहे. ती व्यक्ती मुलाच्या गाडीत बसो, शेजाऱ्याच्या गाडीत बसो किंवा भाड्याच्या गाडीत बसो, तिच्याबरोबर बिल्लाही जातो. उलट, ती व्यक्ती घरी बसलेली असता तिच्या पुतण्याने तो बिल्ला लावून बाजार करून येणे हा गुन्हा आहे. अशा गैरवापराबद्दल १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०१३ च्या एका कायद्याने तर बिल्ला जागच्या जागी ताब्यात घेण्याचा अधिकारही अधिकाऱ्यांना मिळाला आहे. सवलतीची राखण झाली तरच सवलतीची किंमत राहते, हे तत्त्व व्यापाऱ्याला निराळे समजावून सांगावयास नको.

घरापुढे चौकट हवी असल्यास स्थानिक नगरपरिषदेकडे अर्ज करावा लागतो. अर्जदाराकडे सामान्यतः बिल्ला असावा लागतो, गाडी त्याच पत्त्यावर असावी लागते, आणि घराच्या आवारात गाडी ठेवण्यास जागा नसावी लागते. आवारात जागा असेल तर सार्वजनिक रस्ता अडविण्याचे कारण उरत नाही, अशी त्यामागील सरळ विचारसरणी आहे.

रंगाची रेघ आणि शब्दाची पत

येथे या विषयातील सर्वात मनोवेधक गोष्ट येते. तेथील रहदारीच्या रस्त्यांवर अशा चौकटी दोन प्रकारच्या आहेत. एका प्रकारच्या चौकटीमागे वाहतूक नियमनाचा रीतसर हुकूम असतो. तीत बिल्ल्याशिवाय गाडी लावली तर दंड होतो. दुसऱ्या प्रकारच्या चौकटीमागे असा हुकूम नसतो. हुकूम काढावयाचा तर नोटीस प्रसिद्ध करणे, हरकती मागविणे, त्यांचा निकाल करणे हे सर्व ओघाने येते. त्याला वेळ लागतो आणि पैसाही. म्हणून अनेक नगरपरिषदा वस्तीच्या रस्त्यांवर नुसता पांढरा रंग मारून मोकळ्या होतात. ही केवळ विनंतीवजा चौकट. तीत कोणी गाडी लावली तर ती तेथे लावली एवढ्याच कारणासाठी त्याला दंड करता येत नाही.

म्हणजे विनंतीवजा चौकट ही कायद्यावर उभी नसून शेजाऱ्यांच्या सौजन्यावर उभी असते. आपल्या व्यवहारातील उपमा द्यावयाची तर पहिली चौकट हा नोंदणी केलेला दस्तऐवज आहे आणि दुसरी हा तोंडी दिलेला शब्द आहे. ज्या काळी शेकडो कोसांवरील पेढीवर हुंडी वटत असे, त्या काळी तिच्यामागे पोलिसाचा दंडुका उभा नव्हता. उभी होती ती पेढीची पत. एकदा हुंडी परत फिरली की पेढीची पत गेली, आणि गेलेली पत दंड भरून परत येत नसे. पांढऱ्या रंगाच्या त्या साध्या रेघेचेही तसेच आहे. गल्लीतील सर्वांनी ती मानली तर ती दगडी भिंतीपेक्षा भक्कम. एकाने एकदा ओलांडली आणि इतरांनी ते चालवून घेतले, तर उद्यापासून ती नाहीच.

स्कॉटलंडने या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले. तेथील संसदेने २००९ साली अपंगांच्या वाहनतळ जागांविषयी स्वतंत्र कायदा केला. जॅकी बेली या सभासद बाईंनी ते विधेयक मांडले होते. रस्त्यांवरील विनंतीवजा चौकटी शोधून काढाव्यात, ज्यांची गरज आहे त्यांना हुकुमाचे बळ द्यावे आणि ज्यांची गरज उरलेली नाही त्या पुसून टाकाव्यात, असे कर्तव्य त्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकले. केवळ सौजन्यावर भार टाकणे पुरेसे नाही, असा निष्कर्ष त्यातून निघतो हे खरे. परंतु चौकटीला हुकूम मिळाला तरी रात्री अकरा वाजता गल्लीच्या टोकाशी दंड करणारा अधिकारी उभा नसतो. तेथे पुन्हा शेजारीच असतो. कायदा मोठा करता येतो, शेजाऱ्याची जागा मात्र त्याला घेता येत नाही.

तंट्यांचे प्रकार आणि त्यांचा निवाडा

अशा जागांवरून होणाऱ्या भांडणांचे स्वरूप पाहिले तर त्यांत तेच ते चार-पाच प्रकार पुन्हा पुन्हा येतात. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला प्रकार ‘ही जागा माझी’ हा. ज्याच्या अर्जावरून चौकट आखली गेली त्याला ती आपली वाटू लागते, आणि दुसराच बिल्लाधारक तेथे गाडी लावून गेला की तो संतापतो. येथे बहुतेक ठिकाणी अर्जदाराचीच चूक असते. लंडनच्या काही भागांत विशिष्ट व्यक्तीच्या नावाने जागा देण्याची पद्धत आहे. इतरत्र मात्र अशा चौकटीत कोणताही बिल्लाधारक गाडी लावू शकतो. अपंग मनुष्य नेहमी बरोबरच असतो असे मानणे हाही त्याचा एक प्रकारे अनादरच आहे. तो आपल्यासारखाच माणूस आहे. त्याचेही चुकते आणि त्यालाही समजावून सांगता येते.

दुसरा प्रकार ‘हा तर चांगला चालतो’ हा, आणि सर्वांत दुःखदायक प्रकार हाच. अपंगांच्या सोयीसाठी जगभर ओळखले जाणारे चाकांच्या खुर्चीचे चिन्ह सुझान कोएफोएड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने १९६८ साली रेखाटले. ते इतके सुबोध ठरले की त्याने एक गैरसमजही पसरविला. खुर्ची नाही तर अपंगत्व नाही, असे लोकांना वाटू लागले. वस्तुतः ज्याचे हृदय क्षीण झाले आहे किंवा ज्याची फुप्फुसे पुरेसा श्वास घेऊ देत नाहीत, तो गाडीपासून दारापर्यंत ताठ चालत जाईल. परंतु पन्नास मीटरांनंतर त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागेल. सांध्यांचे काही विकार असे की मनुष्य सकाळी चालतो आणि सायंकाळी त्याला पाऊल उचलवत नाही. शेजारी त्याला सकाळी पाहतो आणि ढोंगी ठरवितो. इंग्लंडात चालण्याच्या क्षमतेचे मोजमाप करताना ५० मीटरांहून अधिक चालता येते की नाही ही एक महत्त्वाची मर्यादा धरतात. ३० ऑगस्ट २०१९ पासून तर डोळ्यांना न दिसणारे मानसिक व बौद्धिक विकार असलेल्या व्यक्तींनाही, प्रवासात त्यांना गंभीर धोका किंवा अतिशय मनस्ताप होत असल्यास, बिल्ला मिळण्याची तरतूद झाली. त्याची पात्रता ठरविणारे अधिकारी नेमलेले आहेत. खिडकीच्या पडद्याआडून दुसऱ्याचा रोग तपासण्याचे काम शेजाऱ्याकडे कोणीही सोपविलेले नाही.

तिसरा प्रकार ‘जागा दिवसभर रिकामी पडते’ हा. व्यापाऱ्याच्या डोळ्यांना रिकामी जागा खुपते, हे स्वाभाविक आहे. जागेचे भाडे आपल्याला पाठ असते. परंतु काही गोष्टींचा उपयोग त्या रिकाम्या असण्यातच असतो. अडीअडचणीसाठी गल्ल्यात राखून ठेवलेली रोकड व्याज मिळवीत नाही, म्हणून शहाणा व्यापारी ती उधळत नाही. राखीव जागेचेही असेच आहे. शेजारी आजारी पत्नीला घेऊन इस्पितळातून केव्हा परत येईल याची वेळ ठरलेली नसते. त्या क्षणी जागा रिकामी असणे हाच तिचा पुरता उपयोग.

चौथा प्रकार ‘पाचच मिनिटे’ हा. भाजी घेणारा, मुलांना शाळेतून आणणारा, सामान पोचविणारा असे सगळेच पाच मिनिटांचे पाहुणे. परंतु दहा पाहुण्यांची पाच-पाच मिनिटे मिळून जवळजवळ एक तास होतो, आणि आपली पाच मिनिटे नेमकी त्या तासात पडतात की नाही हे कोणालाच आधी ठाऊक नसते.

पाचवा प्रकार निराळा आहे. ज्याच्यासाठी जागा राखली ती व्यक्ती निवर्तते किंवा दुसरीकडे राहावयास जाते, आणि चौकट मात्र तशीच राहते. घरची मंडळी कधी दुःखाने, कधी सोयीने गप्प बसतात. येथे न्याय शेजाऱ्यांच्या बाजूला आहे. गरज संपली की जागा सर्वांना परत मिळाली पाहिजे, आणि ते कळविण्याचे काम घरच्यांनी आपण होऊन केले पाहिजे. राखीव जागेवरील लोकांचा विश्वास टिकतो तो अशाच प्रामाणिकपणाने.

आपला कायदा आणि आपली गल्ली

आता आपल्याकडे वळू. भारतात अपंगांच्या हक्कांविषयीचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे आणि त्यात २१ प्रकार आहेत. दृष्टी, श्रवण आणि हातपाय यांच्या पलीकडे जाऊन थॅलेसेमिया, हिमोफिलिया, कंपवात यांसारखे चटकन न दिसणारे विकारही त्यात आले आहेत. तेव्हा ‘हा तर चांगला चालतो’ हे वाक्य आपल्याही कायद्याने निरर्थक ठरविलेले आहे.

या कायद्यातील एक गोष्ट आपल्या सभासदांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. त्यातील ‘खाजगी आस्थापना’ या संज्ञेत कंपनी, भागीदारी पेढी, सहकारी संस्था आणि न्यास यांचा समावेश आहे. लोकांना सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे त्याने सेवा द्यावी असे ४६ वे कलम सांगते. कायद्याच्या भंगाबद्दल पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५०,००० रुपयांपासून पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ८९ व्या कलमात आहे. अपंगांच्या मोटारीच्या जागेविषयी इमारतींच्या राष्ट्रीय मानकांत माप दिलेले आहे: रुंदी किमान ३.६ मीटर आणि प्रवेशद्वारापासून अंतर ३० मीटरांच्या आत. साधारण मोटारीच्या जागेपेक्षा ही रुंदी सुमारे एक मीटर अधिक आहे. गाडीचे दार पूर्ण उघडून बाजूला खुर्ची उभी राहील एवढाच तो एक मीटर.

मात्र कागदावरील माप आणि रस्त्यावरील वस्तुस्थिती यांत अंतर आहे. राजीव रतुरी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात हेच दाखवून दिले. २०१७ च्या नियमांतील १५ व्या नियमाने सुगम्यतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवली होती. मूळ कायद्याला हे धरून नाही असे ठरवून न्यायालयाने बंधनकारक मानके तीन महिन्यांत तयार करण्यास केंद्र सरकारला सांगितले. विनंती आणि बंधन यांतील जो भेद इंग्लंडातील रस्त्यावर रंगाने दिसतो, तोच येथे न्यायालयापुढे शब्दांनी आला.

या तरतुदींचा भर सार्वजनिक इमारती, सेवा आणि वाहनतळ यांवर आहे. निवासी गल्लीत, घरापुढील सार्वजनिक रस्त्यावर, अर्ज करून अपंगासाठी चौकट आखून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झालेली नाही. सदनिकांच्या इमारतींत प्रश्न आवाराच्या आत असतो. तेथेही जागा विकत घेतली म्हणून ती माझी, हा समज सर्वत्र आढळतो. मुंबईतील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी असा निर्णय दिला की, महाराष्ट्रातील सदनिकांविषयीच्या कायद्याप्रमाणे इमारतीखालची खांबांमधील मोकळी जागा बांधकाम करणाऱ्याला स्वतंत्र मोटारखाना म्हणून विकता येत नाही. ती सर्व सभासदांच्या सामाईक सोयीचा भाग आहे. इतर राज्यांतील सभासदांनी आपापल्या राज्याचा कायदा पाहावा. पण त्यामागील विचार सर्वांनी घेण्यासारखा आहे. जागा सामाईक असेल तर तिची वाटणी कोणी आधी पैसे मोजले यावर न करता कोणाला अधिक गरज आहे यावर करता येते.

आपल्या पेठांतील अपंग बांधव बहुधा मोटारीतून येत नाही. तो येतो मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरवरून. मोटार वाहन कायद्यात अशा वाहनाला पूर्वी रुग्णवाचक नाव होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा घातली. हे वाहन साध्या दुचाकीपेक्षा रुंद असते, ते बाजूच्या आधारावर कलते करता येत नाही आणि चार गाड्यांच्या फटीत घुसविता येत नाही. दुकानाबाहेर साध्या दुचाकी एकमेकींना खेटून लावल्या की हा मनुष्य गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. त्याची कुबडी स्कूटरला बांधलेली असते आणि ज्या दुकानात त्याला यावयाचे असते ते तीस पावलांवर असते. त्याने तेथूनच परत फिरावे, हे आपण दररोज नकळत ठरवीत असतो.

आपल्या हाती काय आहे

पहिली गोष्ट गल्लीच्या हिशेबाची. ज्या गल्लीत अपंग रहिवासी आहे तेथील दुकानदारांनी एकत्र बसून त्याच्या दाराजवळची एक जागा मुक्रर करावी. स्कूटरसाठी फार मोठी जागा लागत नाही. दोन-तीन दुचाकींची जागा सोडली की काम होते. माल उतरविण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि त्या वेळेतही ती जागा अडवू नये. हातगाडीवाल्याला व टेंपोचालकाला हे मालकाने स्वतः सांगावे, कारण नोकर मालकाची रीत पाहूनच वागतो.

दुसरी गोष्ट संस्थेची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभेत याविषयी स्पष्ट ठराव असावा: जिन्याजवळची किंवा लिफ्टजवळची एक रुंद जागा गरज असलेल्या सभासदासाठी, त्याची गरज असेपर्यंत. पुरावा म्हणून केंद्र सरकारचे यूडीआयडी ओळखपत्र किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र चिटणीसाने एकदा पाहावे. रोगाची चर्चा सभेत करू नये. मुदतीनंतर फेरविचार व्हावा, म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

तिसरी गोष्ट बोलण्याची. गाडीच्या काचेवर चिठ्ठी डकवणे, चाकातील हवा सोडणे, पहाटे कर्णा वाजवून गल्ली जागी करणे, यांनी एकही तंटा मिटलेला नाही. दिवसा, शांतपणे, दार वाजवून बोलावे. ते जमले नाही तर गल्लीतील वयोवृद्ध माणसाला मध्यस्थ घालावे. व्यापाऱ्यांच्या पंचायतीने देण्याघेण्याचे मोठमोठे तंटे कचेरीची पायरी न चढता मिटविलेले आहेत, मग हा का मिटू नये? तरीही हक्क डावलला गेला तर दिव्यांग व्यक्तींसाठी नेमलेल्या राज्य आयुक्तांकडे दाद मागण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि तो मार्ग धरणाऱ्याला गल्लीने वाळीत टाकू नये.

शेवटी हिशेबाचीच भाषा बोलावयाची तर, या खात्यात आज जमा करणारे आपण उद्याचे घेणेकरी आहोत. वाढत्या वयाबरोबर गुडघे दुखू लागतात, दम लागतो, डोळे अंधुक होतात. आज ज्याच्यासाठी जागा सोडण्याची सक्ती वाटते, त्याच्या जागी उद्या आपले वडील, परवा आपण स्वतः असू. परंतु केवळ उद्याच्या स्वार्थासाठी हे करावे असे म्हणणे उणे होईल. दारापुढची ती मोकळी जागा म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला न बोलता दिलेला शब्द आहे. पेठेची पत तिच्यातील उलाढालीवरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. पण पेठेतील सर्वात थकलेल्या माणसाला आपल्या दारापर्यंत पोचता येते की नाही, यावरूनही ती मोजली गेली पाहिजे.